आत्याबाईंना बोलू द्या

"...आणि शेवटची बातमी आपल्याच शाळेची," मी माइकमध्ये म्हणाले. "आपल्या स्कूलबसचं जे ॲप आहे, त्यातून तुमचं नाव, फोटो, थांबा आणि बस तिथे कधी येते, हे सगळं कोणालाही दिसू शकतं. ज्याचा आपल्या शाळेशी काडीचा संबंध नाही, त्यालासुद्धा. घरी गेल्यावर पालकांना सांगा, शाळेला फोन करून तुमची माहिती काढून घ्यायला लावा. बातम्या संपल्या."

परिपाठाला बातम्या वाचणाऱ्या मुलीने स्वतःची बातमी आणू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तरी मुल्ला सर असे धावत आले, जसा काही मैदानात साप निघालाय. त्यांनी माझ्या हातातून माइक ओढला, बंद करायला बटण चाचपलं, पण ते काही सापडलं नसावं. कारण पुढचं वाक्य सगळ्या शाळेने ऐकलं.

"कादंबरी, तू मला नोकरीतून घालवणार आहेस!"

पाचवीपासून बारावीपर्यंत सगळे फिसकन हसले. आमच्या रांगेत नीला तेवढी हसली नाही. तिने दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे घट्ट धरले होते आणि ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. बरं केलंस, बरं केलंस.

मला तेवढं पुरेसं होतं.

दुसरा तास संपेपर्यंत ऑफिसातला फोन वाजायचा थांबेना. पोरांनी घरी जायची वाट थोडीच बघितली होती. बसच्या ड्रायव्हरकाकांच्या फोनवरून, कँटीनच्या फोनवरून बातमी कधीच गावभर झाली होती. तिसऱ्या तासाला शिपाईमामा वर्गाच्या दारात आले. "देवकर, ऑफिसात. तुझ्या आईला पण बोलावलंय."

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "गुडट्राय गेली!"

हे 'गुडट्राय' म्हणजे मी. ते नाव कसं पडलं ते सांगायला हवं, नाहीतर ऑफिसात पुढे काय झालं ते कळणार नाही.

आता मी बारावीत आहे. तेव्हा नववीत होते. त्या वर्षी आमच्या विट्याच्या शाळेत बसच्या ॲपचं उद्घाटन झालं. ॲप केलं होतं कौस्तुभदादाने. तो आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी, पुण्यात इंजिनियर झालेला, आणि संस्थेच्या अध्यक्षांचा सख्खा पुतण्या. आजूबाजूच्या बऱ्याच शाळांनी ते ॲप घेतलं होतं. उद्घाटनाला मंडप, लेझीम, हार, श्रीफळ, सगळं यथासांग. कौस्तुभदादाने लाल रिबीन बांधलेला एक पेन ड्राइव्ह मुख्याध्यापिका इनामदार मॅडमच्या हातात दिला आणि भाषण केलं. "या ॲपचा सगळा कोड मी आपल्या लॅबला भेट देतोय. मुलांनो, वाचा! वाचा, शिका, मोठे व्हा!"

टाळ्या.

पेन ड्राइव्ह रिकामा निघाला. तो नुसता रिबिनीपुरता होता. मग मुल्ला सरांनी, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी, फोनवर फोन केले तेव्हा दिवाळीच्या आधी खरा कोड आला. शनिवारच्या कोडिंग क्लबात आम्ही तो उघडला. बहुतेक पोरांना दहा मिनिटांत जांभया आल्या. मला आल्या नाहीत. खरं सांगते, मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. बस दिसते, टुकटुक सरकते, त्याच्या पोटात हे असं सगळं असतं! कोणीतरी एका ओळीत काहीतरी विचारतं आणि पार दुसऱ्या फाइलमधून कोणीतरी उत्तर देतं!

मुल्ला सरांनी लॅबच्या कॉम्प्युटरवर एक फुकट मिळणारं तपासणीचं साधन घातलं होतं. ते प्रोग्रॅम चालवत नाही. नुसता कोड वाचतं आणि कुठे धोका आहे ते सांगतं.

"हे घराचा नकाशा बघण्यासारखं आहे," सर म्हणाले होते. "आपण घरात शिरत नाही. कागदावर बोट ठेवून चालायचं. बाहेरचा माणूस कुठल्या दाराने आत येईल, तिथून कुठल्या खोलीत जाईल, आणि वाटेत त्याला 'तू कोण?' असं कोणी विचारतं का, एवढंच बघायचं. कोणी विचारत नसेल, तर तिथे लाल खूण."

त्या साधनाचं नाव इंग्रजीत काहीतरी मोठं होतं. आम्ही त्याला 'आत्याबाई' म्हणायचो. लग्नघरातली आत्या कशी मिठापासून मांडवापर्यंत सगळ्याला नावं ठेवते, तसं ते. एक फाइल दिली की स्क्रीनभर कुरकुर. त्यातली बरीचशी उगाच. कुठली कुरकुर खरी आणि कुठली उगाच, ते माणसालाच वाचून ठरवावं लागतं.

आणि तिथेच माझी फजिती झाली होती. पहिल्याच महिन्यात आत्याबाईंनी मला दाखवलं की कोडमध्ये पासवर्ड उघडा लिहिलाय. मी बाकावर उभी राहून ओरडले, "पासवर्ड सापडला! पासवर्ड सापडला!" नेमका त्या दिवशी कौस्तुभदादा लॅबमध्ये आलेला. त्याने शांतपणे येऊन बघितलं. ती सरावाची फाइल होती, पासवर्ड खोटा होता. "गुड ट्राय, बेटा," तो म्हणाला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

झालं. तेव्हापासून मी गुडट्राय.

नीला मात्र मला कधी त्या नावाने हाक मारायची नाही. ती आठवीच्या मध्यात आमच्या वर्गात आली होती, कोइमतूरहून. आमच्या विट्याची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, गलाईवाले म्हणतात त्यांना. नीलाचे वडीलही गलाईवाले. ती तिकडेच जन्मली, म्हणून तिचं मराठी जरा गंमतशीर आणि वाक्याआधी "ऐयो". पण ती आणि तिची आई इकडे आल्या त्या वडिलांना न सांगता. "अप्पा रागात माणूस ओळखत नाहीत," एवढंच ती मला एकदा म्हणाली होती, आणि तिच्या आईचा डावा हात पूर्ण सरळ होत नाही ते मी बघितलं होतं. शाळेत नीलाने आईचं माहेरचं आडनाव लावलेलं. दोघी कुठल्या नातेवाइकाकडे राहत नव्हत्या, तर आईच्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वस्तीवर, गावाच्या बाहेर. गलाईवाल्यांत एकाला कळलं की कोइमतूरला चहा उकळायच्या आत कळतं. म्हणून तिचा थांबा आमच्या वर्गात फक्त मला ठाऊक होता.

मला, आणि ॲपला.

तर, पोंगलच्या सुट्टीची आठवण काढून नीला रडवेली झाली होती तो शनिवार. तिचं मन रमवायला मी तिला शेजारी बसवलं. मला नुकतंच कळलं होतं की एखाद्या ओळीबद्दल आत्याबाईंना गप्प बसवता येतं. त्या ओळीवर कोडमध्ये एक टीप लिहायची, 'इथे बोलू नये.' मग त्या बोलत नाहीत. पण दुसरं एक बटण असतं, ते दाबलं की गप्प बसवलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा दिसतात.

"आत्याबाईंच्या तोंडावरचा रुमाल काढू या का?" मी म्हणाले.

"काढ, काढ," नीला डोळे पुसत म्हणाली.

काढला. बहुतेक गप्प बसवलेल्या तक्रारी खरंच गप्प बसवण्याच्याच लायकीच्या होत्या. मी एकेक वाचत गेले. गुडट्राय झाल्यापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायला शिकले होते. मग एका ओळीपाशी थांबले. ती दोनदा वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून, नकाशावर बोट ठेवून.

"काय गं?" नीला.

"बघ. फोनवरून मुलाचा नंबर येतो. तो इथे आला. इथून तो माहितीच्या पेटीत गेला. पेटीतून नाव, फोटो, थांबा बाहेर आला आणि फोनवर गेला."

"बरोबर आहे की."

"मध्ये 'तू कोण?' असं कोणी विचारलं?"

नीलाने स्वतः बोट ठेवून बघितलं. दारापासून पेटीपर्यंत. तिचं बोट काचेवर थांबलं.

"म्हणजे नंबर बदलला की पुढचं मूल दिसणार?"

"पुढचं मूल. मग त्याच्या पुढचं."

"ऐयो," ती अगदी हळू म्हणाली. "मग मी पण."

मी मुल्ला सरांना सांगितलं. सरांनी बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि कौस्तुभदादाला फोन लावला. फोनवरचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. "फॉल्स अलार्म आहे, सर. मीच मार्क केलंय ते. गुडट्रायला माझा नमस्कार सांगा."

"सर, एकदा चालवून बघू या?" मी म्हणाले. "एकच नंबर. खरं की खोटं कळेल तरी."

सर एरवी कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हा चढवला. "अजिबात नाही! दाराला कडी नाही हे नकाशात दिसलं म्हणून कोणाच्या घरात शिरायचं नसतं. शब्द दे मला."

दिला.

आणि मग त्या रविवारी नीलाच्या आईला त्या मैत्रिणीने सांगितलं, की कोइमतूरचा कोणी माणूस विट्यात गलाईवाल्यांच्या घरोघरी विचारत फिरतोय. फोनमध्ये नीलाचा फोटो घेऊन.

सोमवारी परिपाठाच्या बातम्यांची पाळी माझी होती. मी नीलाला विचारलं. ती म्हणाली, "बोल. माझं नाव सोडून सगळं बोल."

ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर आई येऊन बसली होती. आमची पोल्ट्री आहे, ती थेट तिथूनच आली होती, साडी बदलून, पण पायाला भुसा तसाच.

"काय केलंस?" आई.

"काही नाही. वाचलं."

"नुसतं वाचलं तर हिथवर बोलावत्यात व्हय?"

उत्तर द्यायच्या आत दार उघडलं. आत इनामदार मॅडम, मुल्ला सर भिंतीला टेकून, आणि कौस्तुभदादा. तो आटपाडीच्या शाळेत ॲपच्या कामाला आला होता, तिथून गाडी पळवत आलेला. त्याचा लॅपटॉप ऑफिसातल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला होता. टीव्हीच्या वर नव्या फ्रेममध्ये उद्घाटनाचा फोटो होता: हार घातलेले प्रमुख पाहुणे, हातात फोन, बोट फोनवर, आणि बाजूला कौस्तुभदादा दात काढून.

मॅडमनी माझ्यासमोर एक कोरा कागद आणि पेन सरकवलं.

"माफीपत्र लिही. 'मी अफवा पसरवली, पुन्हा असं करणार नाही.' खाली तुझी सही, आईची सही. उद्या परिपाठात वाचून दाखवायचं. विषय संपला."

"अफवा नाही, मॅडम."

"देवकर!"

"लिव्ह गं," आई कुजबुजली. "लेकरू हाय मॅडम, चुकलं आसंल."

"मी चुकले नाही, आई."

कौस्तुभदादा खुर्चीत मागे रेलला. रागावलेला नव्हता, तेच जास्त बोचलं. "मॅडम, नावच कादंबरी. रचणारच! हे बघ, बेटा. सकाळपासून सगळ्या शाळांचे फोन चालू आहेत मला. माझी दोन वर्षांची मेहनत तू एका मिनिटात मातीत घातलीस. तुला एवढी खात्री आहे ना? हा माझा फोन. हे ॲप. दाखव करून. काढ कोणाचाही पत्ता, आत्ता, सगळ्यांसमोर."

मी फोनकडे बघितलं. माझा हात खरंच पुढे गेला होता. मग मुल्ला सर खोकले.

"काय झालं?" कौस्तुभदादा म्हणाला. "नाही जमत? मग लिही माफी. आणि जमलंच, तर परक्याची माहिती चोरलीस म्हणून पोलिसात जाईन, तेही सांगून ठेवतो."

म्हणजे जमलं नाही तर मी खोटारडी आणि जमलं तर चोर. आईने माझं मनगट धरलं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. नीला. शिपाईमामा मागून "अगं ए, अगं ए" करत होते.

"माझा नंबर टाका," नीला म्हणाली. ती सरळ टेबलापाशी आली. "मी सांगते ना. परक्याची कशाला? माझी माहिती, माझी परवानगी. टाक कादंबरी. दिसू दे ह्यांना त्या टीव्हीवर."

कौस्तुभदादा हसला. "वा! घ्या. व्हॉलंटियर पण आली."

इनामदार मॅडम हसल्या नाहीत. नीलाचं ॲडमिशन त्यांनीच केलं होतं, आडनाव त्यांनीच लावून घेतलं होतं. त्या नीलाकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. कौस्तुभदादाचा फोन त्यांनी उचलला आणि पालथा घातला.

पण त्याआधीच मी बोलले होते. "नाही."

"टाक गं!" नीला ओरडली. "नाहीतर तुला माफी मागायला लावतील!"

"लावू देत. ही खोली भरलेली आहे, दार उघडं आहे, बाहेर शिपाईमामा आहेत. तुझा थांबा मी टीव्हीवर लावणार नाही." मग मी कौस्तुभदादाकडे वळले. आवाज कुठून आला कोण जाणे, परिपाठातल्यापेक्षा खणखणीत. "मी तुमचं ॲप एकदाही चालवलेलं नाही. कोणाची माहिती उघडलेली नाही. मुल्ला सरांना विचारा. मी कोड वाचला. तुम्हीच मंडपात म्हणाला होतात, वाचा. मी वाचला. आता तुम्ही वाचा."

"मी? माझाच कोड?"

"मोठ्याने."

"तो जुना असेल तुमच्याकडचा. दिवाळीच्या आधीचा."

हे खरं असू शकत होतं. मी वाचलेली प्रत जुनीच होती. मधल्या काळात त्याने ते बदललं असेल, तर मी जन्मभराची गुडट्राय होणार होते, आणि आईला भुशाच्या पायांनी तिथे उभं राहून सही करावी लागणार होती. पण बदललं असेल तर नीला वाचली, हेही तेवढंच खरं. तेव्हा काहीही निघालं तरी मला चालणार होतं.

"मग नवा वाचा," मी म्हणाले. "आत्ता बसमध्ये जो चालतोय तो."

कौस्तुभदादाने खांदे उडवले आणि लॅपटॉप ओढला. टीव्हीवर ओळी आल्या. आई त्या ओळींकडे बघत राहिली.

"हे बघा, मॅडम," तो म्हणाला, "साधं आहे. ही ओळ म्हणते, पालकाच्या फोनवरून मुलाचा नंबर घे."

"नंबर कोण पाठवतं?" मी.

"पालक पाठवतो."

"तो पालक आहे हे ह्या ओळीला माहीत आहे?"

"ह्या ओळीला नाही. ते पुढे बघतो आपण. ही ओळ, नंबरावरून माहितीची पेटी उघड."

"उघडायच्या आधी विचारलं?"

"आधी नाही, अगं, मी ते... थांब. ही ओळ, नाव घे. ही, फोटो घे. ही, थांबा आणि वेळ घे." तो आता जरा भरभर वाचत होता. "ही, सगळं फोनवर पाठव. आणि पालक कोण हे तपासायची ओळ..."

तो वर गेला. खाली आला. पुन्हा वर.

"तपासायची ओळ?" मॅडम.

"आहे. मी लिहिलीय, मॅडम. मी स्वतः लिहिलीय."

"आहे," मी म्हणाले. "करड्या रंगात आहे. करडी ओळ कॉम्प्युटर वाचत नाही. आणि तिच्या वर काहीतरी लिहिलंय."

कौस्तुभदादाने ते बघितलं. मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने पटकन लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. टीव्ही मात्र तसाच होता.

"वाच, कौस्तुभ," इनामदार मॅडम म्हणाल्या. पाचवीत त्यांनीच त्याला शिकवलेलं होतं, हे त्या आवाजात कळत होतं. "मोठ्याने."

त्याने घसा साफ केला.

"'पाहुण्यांसाठी तात्पुरतं बंद.'"

"पुढे."

"'उद्घाटन झालं की चालू करणे.'"

"आणि त्याच्या खाली?"

"'इथे बोलू नये,'" मीच सांगितलं. "ते आत्याबाईंसाठी आहे."

सगळ्यांचे डोळे एकेक करून टीव्हीच्या वरच्या फोटोकडे गेले. हार, फोन, फोनवरचं बोट.

"ओटीपी येत नव्हता," कौस्तुभदादा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज आता आमच्यातल्या कोणासारखाही लहान झाला होता. "मंडपात रेंजच नव्हती. पाहुणे फोन धरून उभे. काका माझ्याकडे असे बघत होते... फोटोग्राफर म्हणाला, 'साहेब, किती वेळ?' लेझीम पण थांबलेलं. मी स्टेजच्या मागे गेलो आणि तपासणीच काढून टाकली. एका मिनिटात ॲप उघडलं, टाळ्या वाजल्या. संध्याकाळी चालू करणार होतो. संध्याकाळी जेवण होतं, सत्कार होता. मुल्ला सरांचा फोन आला तेव्हा मला एवढंच आठवलं, की ती खूण मीच केली होती. कशासाठी ते आठवलं नाही. अगदी शपथेवर."

"म्हणजे तेव्हापासून," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. त्या नीलाकडे बघत होत्या.

"बंद करतो. आत्ता करतो. सगळ्याच शाळांचं." त्याने झाकण उघडलं. त्याची बोटं की-बोर्डवर दोनदा चुकली.

आईने माझं मनगट सोडलं. टेबलावरचा कोरा कागद उचलला, त्याची नीट घडी घातली आणि मॅडमसमोर ठेवली.

"हिला म्या शाळंत वाचायलाच घातलीया, मॅडम," ती म्हणाली. "जाऊ का? कोंबड्यांना पाणी दाखवायचं ऱ्हायलंय."

मॅडमनी ती घडी उलगडली आणि त्याच कागदावर पालकांसाठी सूचना लिहायला घेतली. लिहितालिहिता, वर न बघता म्हणाल्या, "देवकर, माइकवर न विचारता बोललीस. वर्षभर परिपाठ बंद तुझा."

"चालेल, मॅडम."

"आणि लॅबची एक किल्ली मुल्ला सरांकडून घे."

त्या संध्याकाळी ॲप बंद होतं. ड्रायव्हरकाका प्रत्येक थांब्यावर हॉर्न वाजवत होते, पूर्वीसारखे. नीला आणि मी शेवटच्या बाकावर. विट्याच्या चौकात तो माणूस होता की नव्हता, आम्हाला माहीत नाही. आम्ही खिडकीच्या खाली डोकं घालून बसलो होतो आणि का कोण जाणे, आम्हाला हसू आवरत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मॅडम स्वतः नीलाच्या आईला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. काय झालं ते नीलाने मला सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. ती अजून आमच्याच वर्गात आहे, अजून त्याच वस्तीवर. एवढं पुरे.

वर्षभर मी माइकला हात लावला नाही. मग दहावीत, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, नव्या ॲपचं पुन्हा उद्घाटन. पुन्हा मंडप, पुन्हा लेझीम, पाहुणे तेवढे वेगळे. अध्यक्षांनी त्यांच्या हातात फोन दिला. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. पाहुण्यांनी बोटाने टिचकी मारली आणि हसरा चेहरा करून कॅमेऱ्याकडे बघितलं.

ओटीपी आला नाही.

लेझीम थांबलं. अध्यक्षांनी मान वळवून पुतण्याकडे बघितलं, ती तसली नजर. आम्ही शेवटच्या रांगेत खुर्चीवर चढून बघत होतो. कौस्तुभदादा स्टेजच्या कडेला उभा होता. लॅपटॉप त्याच्या समोर उघडा होता. त्याने सगळ्या मंडपावरून नजर फिरवली, आम्ही त्याला दिसलो असू की नाही कोण जाणे, आणि मग त्याने दोन्ही हात पाठीमागे घेऊन घट्ट धरले. मुल्ला सरांच्या तासाला, कॉम्प्युटरला हात लावायचा नसला की, पोरं धरतात तसे.

"साहेब, थांबावं लागेल," तो म्हणाला. माइक चालूच होता. "रेंज आली की येईल."

"मी प्रमुख पाहुणा आहे," पाहुणे म्हणाले. तेही माइकवर.

"हो साहेब. तरीसुद्धा."

पाहुणे थांबले. गळ्यात हार, हातात फोन, कपाळावर घाम, अख्ख्या शाळेसमोर ते आपले उभे. नीलाने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"ऐयो," ती म्हणाली, "किती छान दिसतायत."